जपानची ८५ सेंटीमीटरची टेप: पोटातली चरबी कशी मोजतात, कशी उतरवतात

व्हॉट्सॲपवर एक मजकूर अधूनमधून फिरत असतो: जपानमध्ये लठ्ठ असणं बेकायदा आहे, पोट सुटलं की सरकार दंड लावतं. हे खोटं आहे. पण ज्या गोष्टीवरून ही अफवा उठली ती खरी आहे, आणि अफवेपेक्षा जास्त कामाची आहे.

एप्रिल २००८पासून जपानमधल्या आरोग्य विमा संस्थांना ४० ते ७४ वयाच्या आपल्या सर्व सभासदांसाठी दरवर्षी एक खास तपासणी ठेवावी लागते. तिचं नाव 'तोकुतेई केन्शिन'. तिथे आरोग्य विमा सगळ्यांनाच सक्तीचा, त्यामुळे त्या वयाचं जवळजवळ प्रत्येक माणूस या योजनेत येतं. रक्त, लघवी, रक्तदाब, वजन यांच्या जोडीला बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर मोजतात. घेर ठरलेल्या मापापेक्षा जास्त आणि रक्ताचे आकडेही बिघडलेले असतील तर सल्ल्याचं बोलावणं येतं. त्याकडे पाठ फिरवली तरी माणसाच्या खिशाला चाट बसत नाही. टाच येते ती विमा संस्थेवर. तपासणीचं आणि सल्ल्याचं काम रखडवलं तर ७५ वर्षांपुढच्यांच्या उपचारखर्चासाठी तिने भरायची वर्गणी जास्तीत जास्त १० टक्क्यांपर्यंत वाढू शकते. साहजिकच कंपन्या आणि विमा संस्था कर्मचाऱ्यांच्या मागे लागतात. 'दंड' म्हणतात तो एवढाच.

मूळ प्रश्न वेगळा आहे. वजनकाटा हाताशी असताना टेप कशाला?

चरबी किती यापेक्षा चरबी कुठे

पोटावर चिमटीत धरता येते ती कातडीखालची चरबी. पोटाच्या स्नायूंच्या भिंतीच्या आत, आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यांत आणि आतड्यांवर पसरलेल्या वपाजालात साठते ती आतली चरबी. ती चिमटीत येत नाही. ढेरी पुढे आलेली, पण हाताला टणक लागते, अशा पोटात बहुधा हीच जास्त असते.

दोन्ही चरबींचा हिशेब वेगळा मांडायचा तर शरीराच्या आत बघावं लागतं. ओसाका विद्यापीठातल्या युजी मात्सुझावा यांच्या गटाने १९८०च्या दशकात सीटी स्कॅन यासाठी वापरला. माणसाला उताणं झोपवायचं, हात डोक्यामागे, श्वास सहज सोडलेला, आणि बेंबीच्या उंचीवर एकच काप घ्यायचा. चरबीची घनता स्नायू आणि हाडापेक्षा कमी असल्याने चित्रात ती वेगळी उठून दिसते. स्नायूंच्या भिंतीच्या आतल्या कडेने रेघ मारली की आतलं क्षेत्रफळ एकीकडे, बाहेरचं दुसरीकडे. सारख्याच वजनाच्या दोन माणसांत हे आतलं क्षेत्रफळ दुप्पट-तिप्पट वेगळं निघू शकतं, आणि साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) यांचा बिघाड वजनापेक्षा या क्षेत्रफळाच्या मागे जास्त जातो.

याचं डोळ्यांत भरणारं उदाहरण म्हणजे सुमो पहिलवान. दीडशे किलोचा गडी, चांकोनाबे नावाचा मांस-भाज्यांचा रस्सा पातेलंभर रिचवणारा. तरी सराव चालू असेपर्यंत त्याची चरबी मुख्यतः कातडीखाली असते, वजनाच्या मानाने आत कमी असते आणि रक्ताचे आकडेही वजनाच्या मानाने बरे असतात. आखाडा सुटला, सराव थांबला, खाणं तसंच राहिलं की आतली चरबी वाढू लागते आणि आजार रांगेने येतात.

आतली चरबी इतकी उपद्रवी का, याची तीन-चार कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. पहिलं कारण नळजोडणीचं. आतड्याभोवतालच्या चरबीतून निघणारं रक्त पोर्टल व्हेन नावाच्या शिरेने थेट यकृतात जातं. या पेशींतली चरबी चटकन फुटते: पेशी ॲड्रेनॅलिनच्या हाकेला लगेच ओ देतात, इन्शुलिनचं 'थांबा' मात्र नीट ऐकत नाहीत. त्यातून सुटलेली मेदाम्लं यकृतात येऊन पडतात. यकृत त्यांची ट्रायग्लिसराइड बनवून रक्तात सोडतं, उरलेलं स्वतःतच साठवतं, आणि चरबीने भरलेलं यकृत इन्शुलिनला जुमानेनासं होतं. मग जेवण नसतानाही ते रक्तात साखर सोडत राहतं. रात्री काही न खाता सकाळची साखर वाढलेली निघते ती यामुळे. ट्रायग्लिसराइड वाढली की एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, उतरतं. अहवालात हे दोन आकडे असे जोडीने बिघडलेले दिसतात.

पण एवढ्यावर सगळं खापर फोडणं बरोबर नाही. यकृताकडे जाणाऱ्या मेदाम्लांतला मोठा वाटा कातडीखालच्या चरबीतूनही येतो हे नंतरच्या मोजमापांत दिसलं आहे. आतली चरबी गुन्हेगार आहेच, शिवाय ती एक खूणही आहे. कातडीखालचं कोठार भरलं, आता जादाचं जिथे जागा मिळेल तिथे चाललं आहे: आतड्यांभोवती, यकृतात, स्नायूंत, स्वादुपिंडात.

दुसरं कारण पेशींच्या स्रावांचं. चरबीची पेशी म्हणजे नुसतं गोदाम नव्हे, ती हार्मोनं बनवते. ॲडिपोनेक्टिन हे त्यातलं एक. १९९०च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेतल्या आणि ओसाकातल्या गटांनी ते स्वतंत्रपणे शोधलं. ते इन्शुलिनचं काम सोपं करतं आणि रक्तवाहिन्यांची आतली बाजू सांभाळतं. गंमत अशी की ते चरबीच्याच पेशीत बनतं, पण आतली चरबी वाढली की कमी होतं. त्याच वेळी पीएआय-१ हे रक्ताच्या गुठळ्या विरघळू न देणारं प्रथिन, टीएनएफ-अल्फासारखे दाह वाढवणारे पदार्थ आणि रक्तदाब चढवणाऱ्या साखळीतलं ॲन्जिओटेन्सिनोजेन, हे सगळे वाढतात. म्हणून साखर, दाब आणि चरबी हे तिन्ही आकडे एकाच माणसात एकदम 'थोडेथोडे' बिघडतात. प्रत्येक आकडा सुटा पाहिला तर डॉक्टर म्हणतात, चिंता नको, पथ्य पाळा. तिन्ही एकत्र असतील तर हृदयविकाराचा धोका मात्र 'थोडा' राहत नाही.

जपानी माणूस बारीकच असतो ना?

पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत, हो. जपानमध्ये बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २५ झाला की लठ्ठ म्हणतात, बहुतेक पाश्चात्त्य देशांत ३०. २०१९च्या राष्ट्रीय आरोग्य व पोषण पाहणीत २५ किंवा जास्त बीएमआय असलेले पुरुष ३३ टक्के होते, बायका २२.३ टक्के. पण मधुमेह तिथे या मानाने कमी नाही. पूर्व आशियाई माणसाच्या स्वादुपिंडाची इन्शुलिन बनवायची राखीव ताकद तुलनेने कमी असते, त्यामुळे १०० किलोच्या युरोपियनाला जे निभावतं ते ७५ किलोच्या जपान्याला निभावत नाही.

आपल्याला हे ओळखीचं वाटायला हवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. जपानी आणि भारतीय शरीरं सर्वस्वी सारखी नाहीत, तरी वजनकाट्याने फसवलं जाण्यात आपण एकाच नावेत आहोत.

खाण्याबद्दलही एक गैरसमज आहे. जपानी लोक पूर्वीपेक्षा जास्त खातात म्हणून पोटं वाढली असं नव्हे. १९७०च्या दशकात सरासरी दिवसाला सुमारे २,२०० किलोकॅलरी असलेलं खाणं २०१९पर्यंत सुमारे १,९००वर आलं. बदललं ते दोन बाजूंनी: ऊर्जेतला स्निग्ध पदार्थांचा वाटा १९६०च्या सुमाराला साधारण १० टक्के होता तो २८च्या पुढे गेला, आणि अंगमेहनत आटली. ओकिनावात हे लवकर आणि लख्ख दिसलं. १९७२पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात असलेल्या या बेटांवर बर्गर, डबाबंद मांस आणि मोटारगाडी उरलेल्या जपानच्या आधी रुजली. दीर्घायुष्यासाठी जगभर नाव असलेल्या या प्रांतातले पुरुष २०००च्या आयुर्मान-यादीत ४७ प्रांतांत २६व्या क्रमांकावर घसरले. जपानमध्ये तो धक्का अजून '२६चा धक्का' म्हणूनच ओळखला जातो.

माप कुठून आलं, आणि वाचायचं कसं

सीटीवर आतल्या चरबीचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटीमीटरच्या पुढे गेलं की बिघडलेल्या आकड्यांची सरासरी संख्या एकाच्या वर जाते, असं जपानी अभ्यासांत दिसलं. म्हणून १०० ही रेघ. पण कोट्यवधी लोकांचे सीटी काढता येत नाहीत. मग १०० चौरस सेंटीमीटरला टेपवर कुठला आकडा जुळतो ते काढलं. पुरुषांत ८४.४ आलं, बायकांत ९२.५. ते गोल करून एप्रिल २००५मध्ये आठ वैद्यकीय संघटनांच्या समितीने पुरुषांसाठी ८५ आणि बायकांसाठी ९० सेंटीमीटर अशी हद्द ठरवली. बायकांचं माप मोठं, कारण त्यांच्या घेरात कातडीखालची चरबी जास्त असते. बाकीच्या जगात बायकांचं माप पुरुषांपेक्षा लहान आहे. त्या वादाकडे पुढे येऊ.

घेर हद्दीबाहेर, आणि पुढच्या तिनांपैकी दोन गोष्टी बिघडलेल्या, तर निदान मेटाबोलिक सिंड्रोमचं. चरबी: ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, अथवा एचडीएल ४०पेक्षा कमी. रक्तदाब: वरचा १३० किंवा खालचा ८५, किंवा त्यांच्या पुढे. साखर: उपाशीपोटी ११० किंवा जास्त. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, यात नाही याचं बऱ्याच जणांना नवल वाटतं. तो हृदयविकाराचा स्वतंत्र आणि मोठा धोका आहे, पण आतल्या चरबीच्या या टोळीतला नव्हे, म्हणून त्याकडे वेगळं बघतात.

सल्ल्याला कुणाला बोलवायचं याची चाळणी आणखी बारीक असते. तिथे साखर १००पासूनच मोजतात, किंवा एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा आकडा, ५.६पासून. कल्पनेतलं एक उदाहरण घेऊ. वय ४६, उंची १७० सेंटीमीटर, वजन ७४ किलो, म्हणजे बीएमआय २५.६. घेर ८९. रक्तदाब १३४/८२, ट्रायग्लिसराइड १८०, एचडीएल ४४, उपाशीपोटी साखर १०३. निदानाच्या नियमाने घेर, दाब आणि चरबी बिघडलेली, साखर अजून ११०च्या आत. म्हणजे दोन धरून सिंड्रोम आहे. सल्ल्याच्या नियमाने १०३ सुद्धा धरायची, म्हणजे तीन. घेर हद्दीबाहेर असताना दोन किंवा जास्त मुद्दे असले की 'सक्रिय मदत' या वरच्या गटात टाकतात. एकच मुद्दा असता आणि सिगारेट नसती तर एका भेटीचा 'प्रोत्साहन' गट. सिगारेट असती तर पुन्हा वरचा गट. ६५च्या पुढे मात्र कितीही मुद्दे असले तरी प्रोत्साहनच, कारण त्या वयात घाईने वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात आणि माणूस खचतो.

रक्तदाब, साखर, चरबी या तीन बाबींपैकी एकीवर जरी औषध चालू असेल तर या सल्ल्यातून नाव वगळतात. तो माणूस आधीच डॉक्टरांच्या हाताखाली आहे असं गृहीत धरतात. कागदावर हे ठीक आहे. प्रत्यक्षात रक्तदाबाची गोळी लिहून देणारा दवाखाना घेर आणि जेवणावर अर्धा तास घालवेलच असं नाही. ९५ घेराचा, गोळ्या खाणारा माणूस असा दोन्हीकडून निसटतो.

टेप लावताना

पाय जवळ, हात सैल, पोट उघडं. सहज श्वास सोडा आणि सोडल्यावर लगेच वाचा. टेप बेंबीवरून, जमिनीला समांतर. बहुतेक चुका पाठीमागे होतात: मागे टेप खाली घसरते आणि माप दोन-तीन सेंटीमीटरने बदलतं, म्हणून आरशात बघा किंवा घरच्या कुणाला मागून बघायला सांगा. पोट फार सुटून बेंबीच खाली ओघळली असेल तर शेवटच्या बरगडीची खालची कड आणि कमरेच्या हाडाचं पुढचं टोक यांच्या मधोमध मापा. जेवणानंतर नको, सकाळी शौचानंतर बरं.

पँटच्या नंबरावर जाऊ नका. ८५ सेंटीमीटर म्हणजे साडेतेहतीस इंच, पण पँट बेंबीच्या खाली नेसतात. ३२ची पँट बसणाऱ्याचा बेंबीवरचा घेर सहज ३५ इंच भरतो. घरच्या वजनकाट्यांवर 'व्हिसरल फॅट' म्हणून जो आकडा येतो तो तळपायातून सूक्ष्म वीज सोडून, वय आणि उंची मिळवून काढलेला अंदाज असतो. एका कंपनीचा ९ दुसरीच्या ९शी जुळत नाही. एकाच काट्यावर, एकाच वेळी, महिन्यामहिन्याचा कल बघण्यापुरता तो वापरावा.

किती उतरवायचं

इथे बातमी चांगली आहे. जपानी आरोग्यसेविका सांगतात की कातडीखालची चरबी मुदत ठेवीसारखी, आतली चरबी बचत खात्यासारखी: पटकन भरते, पटकन काढताही येते. म्हणून वजन थोडं उतरलं तरी आकडे बरेच सुधारतात. लठ्ठपणावर काम करणाऱ्या जपानी तज्ज्ञ संघटनेचं लक्ष्य तीन ते सहा महिन्यांत सध्याच्या वजनाच्या ३ टक्के एवढंच आहे. आपल्या ७४ किलोवाल्यासाठी ते २.२ किलो झालं. २०२४पासून सक्रिय मदतीच्या गुणांकनातही २ किलो वजन आणि २ सेंटीमीटर घेर कमी झाला की पूर्ण १८० गुण देतात. १ किलो आणि १ सेंटीमीटरला फक्त २०.

हिशेब सरळ आहे. जपानी आरोग्य खात्याच्या तक्त्यात १ सेंटीमीटर घेर म्हणजे ढोबळ १ किलो, म्हणजे ७,००० किलोकॅलरी. २ सेंटीमीटरला १४,०००. सहा महिन्यांच्या १८० दिवसांनी भागा, दिवसाला ७८. शिजलेला भात १०० ग्रॅमला १५६ किलोकॅलरी देतो, म्हणजे वाडग्यात २०० ग्रॅमऐवजी १५० घेतला की नेमके ७८ वाचले. ३५० मिलीलिटरचा बिअरचा कॅन सुमारे १४०चा. रोज दोन घेणाऱ्याने एक सोडला तर भाताला हातही लावावा लागत नाही.

चालायचं झालं तर: स्वस्थ बसलेल्या शरीराचा खर्च १ मेट धरतात, भरभर चालणं ४.३च्या आसपास. ७४ किलोच्या माणसाने रोज २० मिनिटं तसं चालल्यावर बसून राहण्यापेक्षा ८०-८५ किलोकॅलरी जादा जातात. पोटातली चरबी उतरण्यासाठी आठवड्याला निदान १० मेट-तास (मेट गुणिले तास) व्यायाम लागतो असं जपानी संशोधकांनी बऱ्याच प्रयोगांचा आढावा घेऊन काढलं आहे. २० मिनिटं गुणिले ७ दिवस केलं की आपण जवळजवळ तिथेच येतो. भरभर म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत. पोटाचे व्यायाम काढून पोटाची चरबी जात नाही. स्नायू शेजारची चरबी उचलून जाळत नाही, ती रक्तातून सगळ्या शरीरभरची येते. पण आठवड्यातून दोन-तीन दिवस उठाबशांसारखे स्नायूंचे व्यायाम करावेत, कारण कमी खाताना स्नायू राखायचे असतात.

तपासणीच्या प्रश्नावलीत एकूण २२ प्रश्न असतात आणि त्यांतून कुठे पाणी मुरतंय ते बरोबर दिसतं. वीस वर्षांचे असतानाच्या वजनात १० किलो किंवा जास्त भर पडली आहे का? इतरांपेक्षा भरभर जेवता का? झोपायच्या आधीच्या दोन तासांत रात्रीचं जेवण, असं आठवड्यातून तीनदा किंवा जास्त होतं का? शेवटचा प्रश्न जपानी नोकरदाराचं खरं दुखणं आहे. रात्री नऊला कचेरी सुटते, तासभर ट्रेन, साडेदहाला पोटभर जेवण, बारा वाजता झोप. त्यावरचा उपाय जेवण तोडण्याचा: साडेसहाला कचेरीतच एक ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, खाऊन घ्यायचा आणि घरी फक्त मासा किंवा टोफू, भाजी, सूप. एकूण खाणं फारसं बदलत नाही, पण रात्री उशिराचा भात जातो आणि भुकेपोटी होणारी अतिरेकी वाढणीही.

दारूचं गणित नुसत्या कॅलरीचं नसतं. दारू पोटात गेली की यकृत आधी तिचा निकाल लावतं, चरबी जाळायचं काम मागे पडतं, आणि ट्रायग्लिसराइड चढतात. बिअर सोडून शोचू ही जपानी कडक दारू घेतली म्हणून सुटका नाही, आणि शेवटी प्यायल्यावर रामेन खायची पद्धत तर दुहेरी मार: शेवया आणि तेल, वर सूपात पाच-सहा ग्रॅम मीठ. प्रौढ जपानी माणूस दिवसाला सरासरी १० ग्रॅम मीठ खातो. रक्तदाब असलेल्याला ६ ग्रॅमच्या आत राहायला सांगतात. रामेन खायचंच असेल तर सूप वाडग्यात सोडा. निम्म्याहून जास्त मीठ तिथेच राहतं.

बिघडतं कुठे? बहुतेक जण पहिल्याच महिन्यात भात पूर्ण बंद करतात. वजन झपाट्याने उतरतं, त्यात निम्मं पाणी आणि ग्लायकोजेन असतं, मग भूक उसळते. दुसरी चूक व्यायामाची बक्षिसी: २० मिनिटं चालून आल्यावर २०० किलोकॅलरीचं गोड पेय. तिसरी ठरलेली: तपासणीच्या दोन आठवडे आधी उपास. घेर दीड सेंटीमीटरने उतरतो, यादीतून नाव जातं, आणि यकृत होतं तिथेच राहतं.

मग देशाला फायदा झाला का?

इथे प्रामाणिकपणे बोलावं लागतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे ७५,००० जपानी पुरुषांची नोंद तपासली. ८५ सेंटीमीटरच्या जरा खाली आणि जरा वर असलेले पुरुष इतर बाबतींत जवळपास सारखेच. फरक सल्ल्याच्या बोलावण्याचा. बोलावणं आलेल्यांचं वजन वर्षभरात सरासरी ०.२९ किलोने जास्त उतरलं, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी तेही दिसेनासं झालं. रक्तदाब, एचबीए१सी, एलडीएल यांत फरक आढळला नाही. ही सरासरी बोलावणं आलेल्या सगळ्यांची आहे, आणि बोलावलेल्यांतले बहुतेक सल्ला पूर्ण करतच नाहीत. ज्यांनी खरोखर ३ टक्के उतरवलं त्यांचे आकडे सुधारतात हे इतर नोंदींत दिसतं. पण 'टेप लावली आणि देश सुधारला' असं म्हणायला आधार नाही.

दुसरा दोष रचनेतलाच. घेर ८३, बीएमआय २३.५, पण साखर ११८ आणि दाब १४२/९० अशा माणसाला 'डॉक्टरांना दाखवा' एवढी सूचना मिळते, सल्ल्याच्या चाळणीत तो सापडत नाही. धोका मात्र त्याला ८९ घेराच्या, नुकते काठावर आलेल्या माणसाइतका किंवा जास्तच. टेप दारावर उभी केल्यामुळे बारीक दिसणारे आजारी लोक बाहेर राहतात.

तिसरा दोष बायकांच्या मापाचा. ९० सेंटीमीटरवर फार थोड्या जपानी बायका सापडतात. पाळी जाईपर्यंत इस्ट्रोजेनमुळे चरबी नितंब-मांड्यांकडे जाते. पन्नाशीनंतर ती आत वळते आणि आकडे बिघडू लागतात, तरी घेर ८६-८७वरच असतो. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाचं आशियाई बायकांसाठीचं माप ८० आहे. जपानी समितीचा युक्तिवाद क्षेत्रफळाच्या दृष्टीने सुसंगत आहे, पण टेपचं काम धोक्यातली माणसं हेरणं हे असेल तर ९० हे माप ढिलं आहे, असं आमचं मत.

एप्रिल २०२४पासून जपानी औषधदुकानांत ऑर्लिस्टॅट या चरबी उतरवण्याच्या औषधाच्या ६० मिलिग्रॅमच्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळतात. पण औषधतज्ज्ञाने समोर बसून प्रश्न विचारल्यावर, घेर ८५ किंवा ९०च्या पुढे असलेल्या प्रौढांनाच, आणि आधी तीन महिने खाणं-चालणं सुधारायचा प्रयत्न करून महिनाभर वजन-घेराची वही ठेवली असेल तरच. मधुमेह किंवा रक्तदाबाचा रुग्ण असेल तर दुकानातून नाही, डॉक्टरकडेच जायचं. गोळी जेवणातली सुमारे पाव चरबी पचू देत नाही. ती पाव चरबी बाहेर कुठून पडते हे तळलेलं खाऊन गोळी घेणाऱ्याला कचेरीत बसल्याबसल्या कळतं.

आता जपानमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी. राष्ट्रीयत्व कुठलंही असो, जपानी विमा आहे आणि वय ४० झालं की ही तपासणी तुमचीही आहे; नोकरीत असाल तर कंपनीच्या वार्षिक तपासणीतच ती धरतात आणि सहसा खिशातून काही जात नाही. जोडीदार तुमच्या विम्यावर अवलंबून असेल तर त्याचं किंवा तिचं पत्र घरी वेगळं येतं, आणि जपानी वाचता न आल्याने तेच बहुधा कचऱ्यात जातं. अहवाल आला की शेवटच्या पानावरचा शेरा बघून थांबू नका. भारतीयांसाठीची घेराची मापं पुरुषांना ९०, बायकांना ८० आहेत. ८४ घेराच्या मराठी बाईला जपानी अहवाल 'सिंड्रोम नाही' म्हणेल. तिने आपली ट्रायग्लिसराइड, एचडीएल, दाब आणि एचबीए१सी स्वतः रांगेत मांडून बघावं. दाब १४०/९०, उपाशीपोटी साखर १२६, एचबीए१सी ६.५ यांपैकी काहीही गाठलं असेल तर टेपचा विषय बाजूला ठेवून त्या आठवड्यातच डॉक्टरची वेळ घ्यावी. ट्रायग्लिसराइड ५००च्या पुढे असेल तरीही तसंच, कारण तिथून स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती सुरू होते.